तुटणारा दोरा : अहमदाबादचे उत्तरायण आणि पतंगाचा सण

पतंगाला आपल्या भाषेत जुना शब्द आहे तो वावडी. आज कागदाच्या खऱ्या पतंगाला हा शब्द फारसे कोणी वापरीत नाही. तरी गावात वावड्या उठतच असतात आणि त्यांतली खरी कोणती व खोटी कोणती याची शहानिशा करण्यात आपला बराच वेळ जातो. अफवेला हे नाव ज्याने प्रथम दिले त्याचे निरीक्षण चांगले असले पाहिजे. वावडी वाऱ्याच्या बळावर वर चढते, साऱ्या गावाला दिसते, आणि तिचा दोरा ज्याच्या हाती असतो तो माणूस मात्र कोठल्या तरी गच्चीआड उभा असतो. संस्कृतात पतंग म्हणजे उडणारा. पाखरू, किडा आणि सूर्य या तिघांनाही तो शब्द लागतो. सूर्याच्या संक्रमणाच्या दिवशी पतंग उडावेत हा योगायोग मोठा गोड आहे. त्यावरून फार मोठे अनुमान काढण्याचा मोह मात्र आम्ही टाळतो, कारण सूर्याशी काडीचा संबंध नसलेल्या दिवशीही पतंग तितक्याच जोमाने उडविले जातात.

दिल्लीत पतंगांची गर्दी होते ती पंधरा ऑगस्टला. कलकत्त्यात विश्वकर्मापूजेच्या दिवशी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यास. बिकानेरला अक्षय्य तृतीयेस, शहराच्या स्थापनेची आठवण म्हणून. पंजाबात वसंत पंचमीला. तर जयपूर, गुजरात आणि आपल्याकडील नागपूर, येवला येथे संक्रांतीला. म्हणजे सण कोणताही असो, पतंग त्याच्या पाठीवर बसून येतो. त्याला दोनच गोष्टी लागतात : पाऊस नसलेले आकाश, आणि दिवसभर एका बाजूने वाहणारा, फार जोर नसलेला वारा. गुजरातेत जानेवारीच्या मध्यास या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र येतात. हवा कोरडी, ऊन सोसवणारे, आणि वारा उत्तरेकडचा वा ईशान्येचा. पंचांगाने दिवस नेमला आणि हवेने त्याला रुकार दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या पंचांगाबद्दल दोन शब्द. गुजराती माणूस संक्रांतीला उत्तरायण म्हणतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो खरा दिवस मात्र २१ किंवा २२ डिसेंबरचा. सण पडतो १४ जानेवारीला, कधी १५ ला. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथ गतीने फिरत असल्यामुळे संपातबिंदू तारकांच्या मागे सरकत जातो. ही सरक सुमारे ७२ वर्षांत एक अंश एवढी आहे. सूर्य मकर राशीत शिरतो तो दिवस व सूर्य उत्तरेस वळतो तो दिवस हे दोन्ही सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकच होते. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. नाव जुने राहिले आणि आकाश पुढे गेले. अहमदाबादच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला याची खंत असल्याचे दिसत नाही.

अहमदाबादच का, असे कोणी विचारील. पतंग सगळ्या गुजरातेत उडतो; सुरतेचा मांजा नावाजलेला आहे, खंबायतचे पतंग प्रसिद्ध आहेत, आणि बडोद्याला तर मराठी घरांतून एका हाताने तिळगूळ व दुसऱ्या हातात फिरकी असा थाट पाहावयास मिळतो. पण अहमदाबादची घडणच या खेळाला अनुकूल आहे. जुन्या शहरात पोळी आहेत. पोळ म्हणजे एका दरवाजातून आत शिरावे, अरुंद गल्ली लागावी, तिला फाटे फुटावेत आणि दोन्ही बाजूंची घरे भिंतीला भिंत लावून उभी असावीत, अशी वस्ती. खाली दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. वर मात्र छपरे आणि गच्च्या एकमेकींना भिडलेल्या. गुजराती माणूस गच्चीला धाबे म्हणतो. वर्षातले ३६३ दिवस पोळ खाली गल्लीत राहते. उत्तरायणाचे दोन दिवस ती धाब्यावर राहावयास जाते.

दोन दिवस म्हणण्याचे कारण असे की, १४ तारखेचे उत्तरायण संपले की १५ ला वासी उत्तरायण असते. वासी म्हणजे शिळे. आपण शिळा सण म्हणून काही साजरा करीत नाही, पण शिळ्याचीही गोडी असते हे गुजराती माणसाला पटलेले आहे. नदीपलीकडच्या नव्या वस्त्यांत राहावयास गेलेली कुटुंबे त्या दिवशी जुन्या पोळीत परततात. ज्यांचे पोळीत घर उरले नाही ते दिवसापुरते धाबे भाड्याने घेतात. धाब्याचे भाडे घेणे हा आता पोळीतल्या घरवाल्यांचा बऱ्यापैकी जोडधंदा झाला आहे. सकाळी गाईला चारा वा घुगरी घालावयाची, दानधर्म करावयाचा, आणि मग जिना चढावयाचा तो जेवायलाही खाली न उतरण्याच्या बेताने. उंधियू, जिलेबी, तिळाची व शेंगदाण्याची चिक्की, ऊस, बोरे हे सारे वरच येते. ज्याला पतंग उडविता येत नाही त्यालाही काम असते. फिरकी धरणे हे काम दिसते तितके सोपे नाही. उडविणारा ढील देऊ लागला की ती मोकळी सुटली पाहिजे, आणि तो दोरा ओढू लागला की पायाशी पडणारा गुंता त्याच्या बोटांत अडकण्याआधी गुंडाळला गेला पाहिजे. फिरकी नीट न धरल्यावरून किती भाऊबहिणी व किती नवराबायको त्या दिवशी भांडतात याची गणती कोणी केलेली नाही, एवढेच बरे. पतंग कापला गेला की ‘काई पो छे’ अशी आरोळी उठते, थाळ्या वाजतात, पिपाण्या वाजतात, आणि ज्याचा पतंग गेला तो दुसरा पतंग हाती घेतो.

त्याच्या हाती हा दुसरा पतंग येतो कोठून? आदल्या रात्री जमालपूर, रायपूर चकला, दिल्ली दरवाजा या बाजारांत पाय ठेवावयास जागा नसते. कोडीच्या हिशोबाने पतंग घेतले जातात, म्हणजे वीस वीस. पतंगाचे प्रकार अनेक : चील, घेंशियो, चांदेदार, आंखेदार आणि असे कितीतरी. हे पतंग करणारे लोक बहुतांशी मुसलमान आहेत. जमालपूर व आसपासच्या मोहल्ल्यांतील घरांतून बहुतेक वर्षभर हे काम चालते. एक पतंग अनेक हातांतून जातो. एक जण कागद कापतो, दुसरा बांबूच्या कामट्या सोलतो, तिसरा उभी काडी चिकटवतो, चौथा कमान बसवितो. कागदाच्या कडेने बारीक दोरी घालून ती दुमडून चिकटविण्याचे नाजूक काम बहुधा बायका करतात. ही दोरी नसली तर पहिल्याच झोताला कागद फाटेल. प्रत्येक हाताला मिळणारे पैसे थोडे, आणि ते नगांच्या हिशोबाने. सण हिंदूंचा, कारागिरी मुसलमानांची, असे सोपे वाक्य आम्ही लिहू शकलो असतो. पण त्या दिवशी जमालपूरच्या गच्च्याही रिकाम्या नसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे वाक्याचा पहिला भाग अपुरा वाटू लागतो. ज्या शहराने दंग्यांची दुःखे पुन्हा पुन्हा भोगली त्याच शहराचा सर्वांत मोठा मौजेचा दिवस असा परस्परांच्या हातांवर उभा आहे.

या पतंगाची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. चौकोनी कागद कोनावर उभा धरलेला, वरच्या कोनापासून खालच्या कोनापर्यंत एक उभी काडी, आणि तिच्यावरून दोन्ही खांद्यांपर्यंत वाकविलेली एक बारीक कमान. त्याला लांब शेपटी नाही. लहान मुलांच्या पतंगाला शेपटी लावतात ती तो स्थिर राहावा म्हणून. लढाऊ पतंग मुद्दाम अस्थिर ठेवलेला असतो. दोरा सैल सोडला की कागद सपाट होतो आणि पतंग जागच्या जागी गरगर फिरू लागतो. दोरा खेचला की वाऱ्याच्या दाबाने कमानीचे दोन्ही खांदे मागे वाकतात, मधली काडी होडीच्या तळासारखी पुढे येते, आणि पतंग त्या क्षणी स्थिर होऊन त्याचे टोक ज्या दिशेला असेल त्या दिशेला बाणासारखा सुटतो. म्हणजे सुकाणू एकच : दोऱ्याचा ताण. पतंग फिरत असता त्याचे टोक हव्या त्या दिशेला आले रे आले की खेचावयाचे. क्षणभर उशीर झाला तर तो उजवीकडे जाण्याऐवजी खाली येतो. काडीला दोन ठिकाणी भोके पाडून जी कन्नी बांधतात, गुजरातीत किन्ना, तिच्या वरच्या व खालच्या दोऱ्यांच्या लांबीत बोटभर फरक पडला तरी पतंगाचा स्वभाव बदलतो. म्हणून आदल्या रात्री घरातले जाणते माणूस कन्न्या बांधावयास बसते आणि त्या कामात मुलांना हात लावू देत नाही.

परंतु पतंग हे निमित्त आहे. लढाई लढतो तो दोरा.

डिसेंबर लागला की अहमदाबादच्या रस्त्यांच्या कडेला दोन दोन खांब रोवून दोरा रंगविणारे लोक बसतात. त्यांतले पुष्कळसे उत्तर प्रदेशातून येतात. तिकडे बरेली हे मांजाचे मोठे पीठ आहे. पांढरा सुती दोरा या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून अनेक पदरांनी लावतात. भाताची वा पिठाची खळ, रंग आणि वस्त्रगाळ केलेली काचेची पूड यांचा लगदा मुठीत घेऊन कारागीर दोऱ्यांच्या बाजूने चालत जातो. दोरे त्याच्या बोटांमधून सरकतात आणि लगदा अंगाला घेतात. या क्रियेला गुजरातीत दोरा पाजणे असाच शब्द आहे. काच जास्त झाली तर दोरा खरखरीत व ठिसूळ होतो, कमी झाली तर बोथट राहतो. खळ ओली राहिली तर फिरकीवर पदर चिकटतात. दिवसभर चालून चालून या माणसांच्या मैलांची बेरीज मोठी होते. त्यांची बोटे चिंध्यांनी वा पट्ट्यांनी गुंडाळलेली असतात, तरी ती कापलेलीच असतात. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाने एकदा त्या हातांकडे पाहावे.

असे दोन दोरे आकाशात एकमेकांना भिडले म्हणजे पेच लागतो. पेच लढविण्याच्या दोन रीती आहेत. एक ढील देण्याची : दोरा सोडीत राहावयाचे, पतंग दूर दूर जाऊ द्यावयाचा आणि धावत्या दोऱ्याच्या घासणीने समोरचा दोरा कापावयाचा. दुसरी खेचण्याची : झटक्यांवर झटके देऊन एका दमात निकाल लावावयाचा. पहिलीला लांब दोरा व धीर लागतो, दुसरीला मनगट. तरुणांना दुसरी आवडते आणि ती पाहावयासही बरी. पण वारा मंद असता एखादा पिकला माणूस शांतपणे ढील देत पाच पतंग कापतो, तेव्हा तरुण गच्ची काही वेळ गप्प होते. कोणत्याही रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दोन्ही दोरे तुटण्याजोगे आहेत. ज्याने पाच पतंग कापले त्याचाही दोरा प्रत्येक पेचात झिजत असतो, आणि सहाव्याला तो एखाद्या पोरट्याच्या नवख्या दोऱ्यापुढे हार खातो. या खेळात अजिंक्य कोणी नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही कारणापेक्षा या एका कारणाने तो सबंध शहराचा खेळ होऊ शकला असे आम्हांला वाटते.

कापलेल्या पतंगाची रीतही पाहावी. तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. हरलेला माणूस तो मागावयास जात नाही, जिंकलेला त्यावर हक्क सांगत नाही. ज्या मुलांना एकही पतंग विकत घेता येत नाही ती संध्याकाळी काखेत पतंगांची चवड घेऊन घरी जातात. दोरा तुटतो म्हणून पतंग सुटतो, आणि पतंग सुटतो म्हणून तो त्यांच्यापर्यंत पोचतो.

आता आपल्याकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातील येवले हे पैठणीचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. तेथे भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस गाव गच्च्यांवर असते. हलकडी नावाचे वाद्य घुमते, आणि फिरकीला तेथे फिरकी म्हणत नाहीत, आसारी म्हणतात. सूत व रेशीम उकलण्या-गुंडाळण्याच्या विणकरांच्या साधनाचे नावही हेच आहे. ज्या गावात पिढ्यान् पिढ्या माणसांची बोटे दोऱ्यावरच चालली, त्या गावाने विरंगुळ्यासाठीही दोराच निवडावा यात नवल नाही. गुजराती व्यापाऱ्यांचा येवल्यातील वावर जुना आहे, आणि हा नाद त्यांच्यामुळे लागला असे गावात सांगतात. नागपुरात ‘ओ काट’ ही आरोळी ऐकू येते. तेथील पतंगबाजीचा कल अर्थातच उत्तरेकडचा. आरोळ्या वेगळ्या, शब्द वेगळे. दोरा मात्र परवापरवापर्यंत सर्वत्र सुताचाच होता.

गेल्या काही वर्षांत तो बदलला, आणि येथून पुढे आम्हांला जे सांगावयाचे आहे ते मौजेचे नाही. सुती मांजाच्या जागी नायलॉनचा, एकेरी अखंड तंतूचा मांजा आला. लोक त्याला चिनी मांजा म्हणतात. त्यातला पुष्कळसा या देशातच तयार होतो, तेव्हा त्या नावाने आपण आपल्या पदरचे पाप शेजाऱ्याच्या माथी मारतो इतकेच. हा दोरा स्वस्त आहे, लांबच लांब मिळतो, ओलाव्याने सडत नाही, आणि मुख्य म्हणजे सहसा तुटत नाही. विकत घेणाऱ्याला हाच त्याचा गुण वाटतो. सुती दोरा अंगावर आला तर इजा करतो हे खरे. पण ताण वाढला की तो तुटून जातो. नायलॉन ताणला जातो, तुटत नाही, आणि मधे जे येईल ते कापतो : घारीचा पंख, कबुतराची मान, दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाचा गळा. अहमदाबादेत जानेवारीत दुचाकीच्या पुढच्या बाजूला तारेची कमान बसविलेली दिसते ती याचसाठी. सणाच्या दिवसांत गळ्याभोवती उपरणे गुंडाळून घराबाहेर पडावे लागावे, हे त्या सणाविषयी बरेच काही सांगून जाते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या व अन्य कृत्रिम मांजावर सबंध देशात बंदी घातली. तो करणे, विकणे, साठविणे, वापरणे सारेच निषिद्ध झाले. गुजरात सरकारने २०१७ पासून जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान सुरू केले. त्यात पशुवैद्य, वनखाते आणि स्वयंसेवक सणाच्या आगेमागे दहा-बारा दिवस राबतात, आणि पाखरे घरट्यांतून निघतात व परततात त्या पहाटेच्या व सायंकाळच्या वेळी पतंग उडवू नयेत अशी विनंती करतात. नागपुरात माणसे मेल्यावर २०२१ साली उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. तरीही दर जानेवारीत वर्तमानपत्रांत त्याच बातम्या येतात. कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत : १९३४ च्या विमान कायद्याने केलेल्या विमानाच्या व्याख्येत पतंगाचाही समावेश होता! तो कायदा जाऊन आता २०२४ चा नवा अधिनियम आला आहे. पण गच्चीवर उभे राहून आपण विमान चालवीत आहो, असे इतक्या वर्षांत कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

ज्या ऋतूच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्याच ऋतूच्या नावाने लाहोरात पतंगांचा सण होत असे. वसंताचे ते दिवस लाहोरची शान होती. तेथेही दोऱ्यात धातू आला, रसायने आली, विजेच्या तारांवर ठिणग्या उडू लागल्या आणि रस्त्यावर मुलांचे गळे कापले. २००५ साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने पतंगबाजीवर बंदी घातली. मध्यंतरी थोडी सवलत मिळाली, तेव्हा पुन्हा माणसे दगावली. आणि त्यानंतर कित्येक वर्षे लाहोरचे वसंतातले आकाश रिकामे राहिले. शतकांचा सण एका दोऱ्याने घालविला. पतंग करणाऱ्या हजारो घरांची चूल त्याबरोबर विझली, हे वेगळे सांगावयास नको.

पतंगबाजीच बंद करा असे म्हणणारे सज्जन आपल्याकडेही आहेत, आणि त्यांची तळमळ खोटी नाही. सुती मांजानेही पक्षी जखमी होतात, हे त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. काचेचे प्रमाण कमी करणे आणि पहाट-संध्याकाळ आकाश पाखरांना मोकळे सोडणे हे त्यावर निदान अर्धे उत्तर आहे. पण नायलॉनचा विचार दयेच्या बाहेर जाऊन खेळाच्या अंगानेही केला पाहिजे. ज्याचा दोरा तुटत नाही तो पेच खेळतच नाही. त्याने दुसऱ्याचा पतंग फक्त काढून घेतलेला असतो. अशा माणसाला पूर्वी गच्चीवरच्या मंडळींनीच हिणविले असते. आज दुकानदार मांजा लपवून विकतो व गिऱ्हाईक लपवून घेते. पोलीस रिळे जप्त करतात, आणि सकाळी तोच दोरा आकाशात असतो. बाप मुलाला फिरकी घेऊन देताना दोरा बोटांत धरून तोडून पाहील, तर बरेलीच्या त्या चालून थकलेल्या कारागिराचे गेलेले गिऱ्हाईकही परत येईल. नायलॉनने पक्ष्यांच्या आधी त्याचे पोट कापले आहे.

पूर्वी उत्तरायणाच्या रात्री टुक्कल उडत. उंच चढलेल्या पांढऱ्या पतंगाच्या दोऱ्याला ठरावीक अंतरावर कागदी कंदील बांधीत, आत मेणबत्ती. आणि अंधारात पतंग दिसेनासा झाला की नुसती दिव्यांची ओळ आकाशात डुलत राही. पुढे दोऱ्याशिवाय उडणारे चिनी कंदील आले. ते जळत जळत कोठेही पडतात म्हणून गुजरातेत त्यांच्यावर बंदी आहे. दोऱ्याचे जुने टुक्कल उडविणारे आता थोडे राहिले, कारण इतका शांत हात सगळ्यांना नसतो.

सोळा तारखेला शहर खाली उतरते. झाडांच्या फांद्यांवर, विजेच्या तारांवर, देवळांच्या शिखरांवर फाटके कागद आणि दोऱ्यांची जाळी लोंबत असतात. शाळांतली मुले व पक्षिमित्र मंडळे हे गुंते काढून गोळा करतात; तसे न केल्यास पुढे कित्येक महिने त्यांत पाखरांचे पाय अडकत राहतात. सुताचा गुंता दोन पावसाळ्यांत कुजतो, नायलॉनचा तसाच राहतो. जमालपुरात थोड्याच दिवसांनी कामट्या सोलण्याचे काम पुन्हा सुरू होते.